फ्रीगंजातला दुपारचा वर्ग

उज्जैनला जाऊन आलेल्या माणसाला आपण तीनच गोष्टी विचारतो. भस्मारती मिळाली का, महाकाल लोक कसं वाटलं, आणि पोहे-जिलबी खाल्ली का. मला तिन्हींची उत्तरं देता येतात (हो, अवाढव्य, रोज). पण यंदा मी तिथे तीन आठवडे राहिले ते या तिन्हींसाठी नाही. फ्रीगंजातल्या एका कापडदुकानाच्या वरच्या खोलीत, मागच्या बाकावर गप्प बसायला मी गेले होते.

झालं असं, की आपल्या मंडळाच्या शनिवारच्या मराठी वर्गात मी दोन वर्षं मोठ्या गटाला शिकवते आहे. मी बी.ई. झालेली, पोटापाण्याला सॉफ्टवेअर. शिकवण्याचं शिक्षण शून्य. म्हणून मोठ्या माणसांना परकी भाषा कशी शिकवावी याचा एक अर्धवेळ ऑनलाइन कोर्स घेतला. या क्षेत्रात केंब्रिजचं ‘सेल्टा’ हे प्रमाणपत्र प्रसिद्ध आहे. किमान १२० तासांचं प्रशिक्षण, त्यात सहा तास स्वतः खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचं आणि वर अनुभवी शिक्षकांचे वर्ग बघायचे. माझा कोर्स तितका मोठा नाही, पण त्याच घराण्यातला. मराठीसाठी असा कोर्स मला सापडला नाही, म्हणून इंग्रजी शिकवण्याचा. आणि वर्ग बघायची अट त्यालाही होती.

माझी मावशी उज्जैनला असते. तिच्या शेजारच्या काकू रोज दुपारी ‘इंग्लिशला’ जातात हे तिने फोनवर सांगितलं तेव्हा मी आधी हसले आणि मग तिकिटं बघायला लागले. माझं ऑफिस तिकडे संध्याकाळी सुरू होणार, म्हणजे दुपार मोकळी. वर्गाच्या मॅडमनी एकाच अटीवर परवानगी दिली: मधे बोलायचं नाही.

इंदूरच्या विमानतळावरून उज्जैन साधारण पंचावन्न किलोमीटर. रेल्वेच्या रुळांनी गावाचे दोन भाग केलेत. एका बाजूला जुनं उज्जैन, महाकाल, गोपाळ मंदिर, पटनी बाजार, खाली क्षिप्रेचा रामघाट. दुसऱ्या बाजूला पुलावरून उतरलं की फ्रीगंज: सरळ रस्ते, टॉवर चौकातलं घड्याळ, कोचिंग क्लासच्या पाट्या. सध्या २०२८ च्या सिंहस्थाची तयारी चालू आहे, त्यामुळे अर्धं गाव खणलेलं आणि उरलेलं अर्धं खणणाऱ्यांना रस्ता विचारतंय.

आपल्याला हे गाव परकं वाटायचं कारण नाही. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांनी इथे राजधानी केली, आणि आज आपण ज्या महाकालाच्या देवळात रांग लावतो ते त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी पुन्हा उभं केलं. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, पण मागे बरीच मराठी घरं राहिली, दौलतगंज आणि नई पेठ ही नावं राहिली, आणि दौलतरावांच्या पत्नी बायजाबाईंनी बांधलेलं गोपाळ मंदिर राहिलं. या घरांतलं मराठी ऐकायला गंमत येते. मावशीकडे गाडी ‘लेट होऊन जाते’ आणि भाजीवाला ‘बिलकुल ऐकत नाही’. ज्या मुक्तिबोधांचं नाव हिंदी कवितेत आदराने घेतात ते गजानन माधव मुक्तिबोध याच माळव्यातल्या मराठी घरातले. शिक्षणाची आणि उमेदवारीची वर्षं त्यांनी उज्जैनमध्ये काढली. त्यांचे सख्खे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहीत आणि मराठीतले नावाजलेले कवी झाले. एका घरात दोन भाषांचे दोन कवी! आपल्या मुलांच्या दोन भाषांची काळजी करताना हे घर मला हल्ली बऱ्याचदा आठवतं.

तर वर्ग. अडीच ते चार. ही वेळ का, तर दुपारी देवळाकडची गर्दी जरा ओसरते आणि घरची कामं आवरलेली असतात. बारा खुर्च्या, एक पांढरा फळा, एक पंखा जो तिसऱ्या नंबरवरच फिरतो. विद्यार्थी अकरा. दोन ई-रिक्षावाले, घरातल्या वरच्या तीन खोल्या यात्रेकरूंना भाड्याने देणारी एक तरुण सून, भैरवगडचे बटिकचे एक कारागीर, मेडिकल स्टोअरमधला एक मुलगा, मुलांच्या शाळेतल्या पालकसभेला जायची धास्ती घेतलेल्या तीन आया, बँकेची परीक्षा देणाऱ्या दोन बहिणी, आणि आमच्या काकू.

मला वाटलं होतं, रिक्षावाले इंग्रजी शिकतात ते परदेशी पाहुण्यांसाठी. तसं मुळीच नाही. ११ ऑक्टोबर २०२२ ला महाकाल लोकचं उद्घाटन झाल्यापासून गावात माणसांचा पूर आहे, आणि त्यात हैदराबाद, विजयवाडा, चेन्नई, बंगळूरकडचे भाविक भरपूर. त्यातल्या अनेकांना हिंदी येत नाही, यांना तेलुगू-तमिळ येत नाही. मग मधला पूल कोणता? महाकाल ते काळभैरव किती पैसे, वाटेत हरसिद्धी दाखवणार का, बाहेर किती वेळ थांबणार, हा सगळा सौदा इंग्रजीत. दोन भारतीय माणसं, एक देव, आणि बोलायला तिसऱ्याच मुलखाची भाषा. एक रिक्षावाले भाऊ मला म्हणाले, “गोरा तो महीने में एक मिलता है दीदी, आंध्रावाले रोज़ मिलते हैं.” त्यांना भूतकाळ-भविष्यकाळात काही रस नव्हता. त्यांना ‘वेटिंग चार्ज’ भांडण न होता समजावून सांगायचा होता.

निरीक्षणासाठी मला एक तक्ता भरायचा होता. शिक्षक किती मिनिटं बोलला, विद्यार्थी किती, प्रश्न किती आणि कसे. असले तक्ते म्हणजे माझ्या आवडीचं काम. मी स्टॉपवॉच लावून बसले. पहिल्या दिवशी नव्वदपैकी मॅडम बोलल्या फक्त एकतीस मिनिटं. आमच्या कॉलेजातले सर नव्वदपैकी पंच्याण्णव मिनिटं बोलत असत.

दुसरी नोंद जास्त महत्त्वाची. पूर्ण दीड तासात मॅडमनी “समझ में आया?” एकदाही विचारलं नाही. आपण सगळे हा प्रश्न विचारतो आणि सगळे ‘हो’ म्हणतात. ‘नाही’ म्हणायला अकरा जणांसमोर धैर्य लागतं. त्याऐवजी त्या असं काहीतरी विचारत की ज्याचं उत्तर कळल्याशिवाय देताच येत नाही. उदाहरणार्थ ‘अ’ आणि ‘द’. इंग्रजीतली ही दोन टिचभर अक्षरं आपल्या कुठल्याच भाषेत नाहीत आणि ती शिकवताना भलेभले नियमांच्या याद्या काढतात. मॅडमनी फळ्यावर लिहिलं: ‘आय ॲम गोइंग टू अ टेम्पल’ आणि खाली ‘आय ॲम गोइंग टू द टेम्पल’. मग विचारलं, उज्जैनमध्ये देवळं किती? सगळे हसले, कोण मोजणार! बरं, सकाळी आई म्हणाली, “मैं मंदिर होके आती हूँ,” तर ती कुठल्या देवळात गेली ते तुम्ही विचारता का? नाही. का नाही? कारण ठाऊक आहे. “बस,” मॅडम म्हणाल्या, “पूछना पड़े तो ‘अ’, पूछना न पड़े तो ‘द’.” व्याकरणाच्या पुस्तकात याला बरीच शेपटं आहेत, पण अकरा माणसांनी पुढची वीस मिनिटं घाट, गल्ली, दुकान, सून, सासू यांच्यावर ‘अ’ आणि ‘द’ लावून बघितले. सासूला ‘द’च लागतो यावर एकमत झालं.

तिसरी गोष्ट शांतता. मॅडम प्रश्न विचारून थांबत. नुसत्या थांबत. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने यावर काम केलं आहे. तिला आढळलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात आणि मग स्वतः बोलू लागतात किंवा दुसऱ्याला विचारतात. तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात, जास्त जण बोलतात, मुलं उलट प्रश्नही विचारतात. मी कोर्समध्ये हे वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि पंख्याच्या आवाजात बसून स्टॉपवॉचवर सहा, सात, आठ सेकंद जाताना बघणं वेगळं. माझाच जीव वरखाली व्हायचा, कुणीतरी सांगा रे, असं वाटायचं. आठव्या सेकंदाला मागच्या बाकावरची घरवाली ताई हळूच म्हणायची, “देअर इज अ बाथरूम... इन द रूम.” ‘अ’ आणि ‘द’ दोन्ही जागच्या जागी.

भैरवगडच्या काकांचा दिवस मला विशेष आवडला. भैरवगड हे उज्जैनला लागूनच, तिथलं बटिकचं काम पिढ्यान्‌पिढ्यांचं. त्यांना प्रदर्शनांत कापड मांडायचं होतं आणि लोक विचारतात, हे कसं करता? काका उभे राहिले, एक चादर उलगडली आणि म्हणाले, “फर्स्ट हॉट वॅक्स. वॅक्स सिट हिअर. देन कलर. कलर नॉट गो व्हेअर वॅक्स. देन हॉट वॉटर. वॅक्स गो. डिझाइन स्टे.” मी तक्त्यात पाच चुका मोजल्या. मॅडमनी एकही सांगितली नाही, वहीच्या कोपऱ्यात टिपून घेतल्या आणि विचारलं, “अँड दीज थिन लाइन्स? क्रॅक्स?” काकांचा चेहरा असा उजळला! मेणाला तडे जातात, तड्यांतून रंग आत जातो, तीच तर बटिकची खूण. ते त्यांनी अर्धं इंग्रजीत आणि अर्धं हातांनी सांगितलं. वर्ग संपायला दहा मिनिटं असताना मॅडमनी कुणाचंही नाव न घेता ती पाच वाक्यं फळ्यावर मांडली आणि सगळ्यांकडून दुरुस्त करून घेतली. आपलं वाक्य कुठलं ते काकांना अर्थातच कळलं होतं. ते निवांत होते, कारण त्यांचं सांगून झालं होतं.

वेळेचा धडा आला त्या दिवशी मात्र मॅडमची तयारी वाया गेली. ‘क्वार्टर पास्ट’, ‘क्वार्टर टू’ शिकवायला त्यांनी पुठ्ठ्याचं घड्याळ आणलं होतं. पण सव्वापाच आणि पावणेसहा ज्यांच्या तोंडात आहेत त्यांना यात शिकायचं काय? पाच मिनिटांत संपलं. उलट रिक्षावाले भाऊ विचारायला लागले, की दीड आणि अडीचला त्यांच्याकडे वेगळा शब्द का नाही? मॅडमनी हात वर केले.

घड्याळाचा विषय निघालाच आहे तर सांगते, उज्जैनला गेलात तर वेधशाळा चुकवू नका. देवळाच्या गर्दीतून आलेल्या माणसाला तिथली शांतता औषधासारखी वाटते. जयपूरच्या सवाई जयसिंहाने माळव्याचा सुभेदार असताना ती बांधली. दिल्ली, जयपूर, मथुरा, वाराणसी आणि उज्जैन अशा त्याच्या पाच. इथेच का, तर जुन्या भारतीय ज्योतिषात शून्य रेखांश उज्जैनवरून धरत आणि कर्कवृत्तही जवळूनच जातं. मधे तिची पडझड झाली होती. १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्ती करवून घेतली आणि गोविंद सदाशिव आपटे यांनी तिथलं काम सांभाळलं. सम्राट यंत्र म्हणजे दगडी जिन्यासारखी एक भिंत, तिची सावली दोन्ही बाजूंच्या कमानींवर सरकते आणि स्थानिक वेळ दाखवते. ही वेळ तुमच्या मोबाइलशी जुळत नाही. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, उज्जैन पाऊणशे अंशांच्या जरा पुढे. एका अंशाला चार मिनिटं या हिशेबाने इथला सूर्य घड्याळाच्या सुमारे सत्तावीस मिनिटं मागे असतो, आणि ऋतूप्रमाणे त्यात अजून थोडा फरक पडतो. टाइमझोनच्या बगांवर माझ्या नोकरीचे कितीतरी शनिवार-रविवार गेलेत. तिथे उन्हात उभं राहून बोटभर सावली सरकताना बघून मला फार बरं वाटलं.

काकू माझ्याबरोबर होत्या. आता काकूंबद्दल. वय त्रेसष्ट. विक्रम विद्यापीठाच्या संस्कृतच्या एम.ए., तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. काका तीन वर्षांपूर्वी गेले. मुलगी न्यू जर्सीत, पहिलं बाळंतपण, आणि काकूंचं इंदूर-दिल्ली-न्यूअर्क तिकीट काढून तयार. एकटीचा पहिला परदेश प्रवास. मुलीने एक कागद पाठवला होता: ‘मी इंग्रजी बोलत नाही. मी माझ्या मुलीकडे चालले आहे. कृपया मदत करा,’ खाली पत्ता आणि फोन. इकडे आलेल्या आपल्यापैकी कितीतरी जणांच्या आईवडिलांच्या पर्समध्ये हा कागद होता. माझ्या आईच्याही होता. तो मीच टाइप केला होता.

काकूंनी तो कागद मला दाखवला आणि घडी घालून परत ठेवला. म्हणाल्या, “मुलीने मायेने पाठवलाय गं. पण मी आयुष्यभर बोलून पोट भरलं. आता एका खिडकीपुढे उभं राहून मुक्यासारखा कागद पुढे करायचा? मला नाही जमणार.”

वर्गात त्या सगळ्यात अवघड विद्यार्थिनी. व्याकरण त्यांना मॅडमपेक्षा जास्त कळे. द्विवचन नाही हे ऐकून त्यांनी इंग्रजीची कीव केली. एकदा विचारलं, संस्कृतात भूतकाळाचे तीन लकार आहेत, त्यातला लिट् बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेल्या घटनेसाठी. इंग्रजीत त्याला काय? मॅडम म्हणाल्या, “कुछ नहीं. अंग्रेज़ी में देखा-अनदेखा सब बराबर.” काकूंना हे अजिबात पटलं नाही. पण “हाऊ आर यू?” विचारलं की त्यांचे ओठ मिटायचे. डोक्यात वाक्य पूर्ण शुद्ध झाल्याशिवाय ते बाहेर पडायचं नाही, आणि तोवर मेडिकलवाला मुलगा तीन अशुद्ध वाक्यं बोलून मोकळा झालेला असायचा.

शेवटच्या आठवड्यात मॅडमनी टेबल खोलीच्या मधोमध ओढलं आणि त्याची इमिग्रेशनची खिडकी केली. एक रिक्षावाले भाऊ अधिकारी. त्यांनी आवाज असा चढवला की बँकेच्या परीक्षेवाल्या बहिणी तोंडावर ओढणी धरून हसत होत्या. “व्हॉट इज द पर्पज ऑफ युवर व्हिजिट?” काकू गप्प. मी सवयीने स्टॉपवॉच लावलं. नऊ सेकंद. “माय डॉटर इज...” पुढचा शब्द येईना. कुणी सुचवायला गेलं तर मॅडमनी बोट ओठांवर ठेवलं. चौदा सेकंद. “माय डॉटर विल बिकम अ मदर.” वर्गाने टाळ्या वाजवल्या, अधिकारी मात्र भूमिकेतून हलले नाहीत. “एनी फूड?”

इथे खरी पंचाईत. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू जाणारच होते. खायचं काहीही नेलं तरी अमेरिकेत ते सांगावं लागतं, लपवलं तर दंड, हे मी मधे न बोलण्याची अट मोडून सांगितलं. मग डिंकाला काय म्हणायचं यावर वीस मिनिटं चर्चा. मी मोबाइलवर ‘एडिबल गम’ काढलं. मेडिकलवाला मुलगा म्हणाला, गम म्हटलं तर ते च्युइंगम समजतील. ‘ट्री गम’ म्हटलं तर झाड समजतील आणि मग बियाण्याच्या खात्यात पाठवतील. भैरवगडच्या काकांनी सुचवलं, “होममेड स्वीट फॉर न्यू मदर” म्हणा, डिंकाचं नावच कशाला? आणि विचारलंच तर? तर, मॅडम म्हणाल्या, विचारेल तेवढंच सांगायचं, थांबायचं, त्याने पुढे विचारलं तर पुढचं. काकूंनी ते वहीत देवनागरीत लिहून घेतलं आणि बाजूला कंसात ‘निर्यासः’ असंही लिहिलं. डिंकाचं संस्कृत.

मी निघाले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचं प्रवासाचं सामान वजन करायला मावशीकडे आलं होतं. लाडवांनी सव्वादोन किलो घेतले होते.

पाच आठवड्यांनी काकूंचा न्यू जर्सीहून फोन आला. नात झाली, तीन किलोची. सगळं ऐकून झाल्यावर मी विचारलं, खिडकीवर काय झालं? काकू थोड्या चिडलेल्याच होत्या. “अगं, तो अधिकारी आपल्यातलाच निघाला. पासपोर्ट बघितला आणि म्हणतो, ‘नमस्ते आंटी जी, किसके पास आए हो?’”

“मग?”

“मग काय! तीन महिने मी फ्रीगंजला पुलावरून चालत गेले ते याच्यासाठी? मी म्हटलं, सर, प्लीज आस्क इन इंग्लिश.”

त्याने विचारलं. पर्पज, किती दिवस, कुणाकडे. काकूंनी सांगितलं. पुढच्या टेबलावर लाडवांचा डबा उघडून बघितला, वास घेतला आणि परत दिला. डिंकाचं कुणी विचारलं नाही.